कथाप्रधान स्वतंत्र संगणकखेळ

ज्या संगणकखेळात जय-पराजय, गुणसंख्या किंवा हातचलाखी यांपेक्षा कथेचा उलगडा हाच खेळण्याचा मुख्य हेतू असतो, त्यास कथाप्रधान संगणकखेळ म्हणतात. मोठ्या प्रकाशनसंस्थेचे भांडवल व तिचे निर्बंध न स्वीकारता एखादी व्यक्ती किंवा लहान गट असा खेळ तयार करतो, तेव्हा त्यास ‘स्वतंत्र’ हे विशेषण लावतात. या प्रकाराचा उगम १९७०–८० या दशकात झाला. तथापि स्वतंत्र कलाप्रकार म्हणून त्याला स्थान मिळाले ते साधारणपणे २००७ नंतर. विशिष्ट स्थळ, तेथील निसर्ग व माणसाची मर्त्यता हे या प्रकारातील तीन प्रमुख विषय होत. व्यापारी खेळांत स्थळ हे केवळ पार्श्वभूमी असते आणि मृत्यू ही पुसून टाकता येणारी चूक असते. या खेळांत मात्र या दोहोंना कथेच्या केंद्रस्थानी आणण्याचा प्रयत्न दिसून येतो.

पूर्वपीठिका : खेळाच्या नियमांतून जीवनकथा सांगण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. भारतातील ज्ञानचौपड व महाराष्ट्रातील मोक्षपट ही तिची ठळक उदाहरणे होत. जैन ज्ञानचौपडीत बहुधा ८४, तर उत्तरेकडील वैष्णव पटांत ७२ घरे आढळतात. प्रत्येक घराला एखाद्या गुणाचे, दुर्गुणाचे, अवस्थेचे वा लोकाचे नाव असते. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातून सर्प खाली आणतो आणि अखेरचे स्थान मोक्षाचे किंवा वैकुंठाचे असते. महाराष्ट्रात परंपरेने मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे (१२७५–९६) दिले जाते. मात्र आज उपलब्ध असलेले पट त्या काळाच्या बऱ्याच नंतरचे आहेत. रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांच्या हस्तलिखितसंग्रहातील मोक्षपटांकडे पुण्याचे संशोधक वा. ल. मंजूळ यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. डॅनिश अभ्यासक याकोब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातील या खेळांवर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला (२०१९).

मोक्षपटाची रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. सर्पाने गिळलेली सोंगटी खेळातून बाद होत नाही. ती खालच्या घरात पुन्हा प्रवास सुरू करते. म्हणजे मृत्यू हा खेळाचा शेवट नसून पुनर्जन्माचा नियम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे प्रथम घरांवर ख्रिस्ती नीतिकल्पनांची नावे आली व पुढे तीही गळून नुसते आकडे राहिले. अमेरिकेत १९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने सर्पांच्या जागी घसरगुंड्या घालून तो बालखेळ म्हणून विकावयास काढला. पटाचे नियम टिकले, परंतु त्यांतील जीवनदर्शन गेले. कथा व नियम यांची अशी फारकत होऊ न देणे, ही आजच्या कथाप्रधान खेळांच्या कर्त्यांपुढीलही मुख्य अडचण होय.

संगणकावरील आरंभ : या प्रकारातील पहिला महत्त्वाचा खेळ एका प्रत्यक्ष स्थळातून निर्माण झाला. अमेरिकेतील विल क्राउदर हा आज्ञावलीकार संगणकजालाच्या आरंभीच्या बांधणीत काम करीत असे; फावल्या वेळात तो व त्याची पत्नी पॅट्रिशिया केंटकी राज्यातील मॅमथ व फ्लिंट रिज या गुहांची मोजणी करीत. या दोन्ही गुहा एकमेकींस जोडलेल्या आहेत, हे १९७२ मध्ये सिद्ध झाले; त्या मोहिमेत पॅट्रिशियाचा सहभाग होता. पुढे उभयतांचा घटस्फोट झाला. दुरावलेल्या मुलींना खेळता यावा म्हणून क्राउदरने १९७५–७६ मध्ये या गुहेवर आधारित असा एक शब्दमय खेळ फोर्ट्रान भाषेत लिहिला. खेळणारा ‘उत्तरेस जा’, ‘दिवा घे’ अशा अर्थाचे शब्द टंकित करतो व संगणक पुढील दालनाचे वर्णन देतो, अशी त्याची रीत होती. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याने १९७७ मध्ये त्यात अद्भुत प्रसंगांची भर घातली आणि ‘ॲडव्हेंचर’ या नावाने तो संगणकजालावरून सर्वत्र पसरला. क्राउदरची मूळ आज्ञावली २००५ मध्ये पुन्हा हाती लागली. डेनिस जेर्झ यांनी ती प्रत्यक्ष गुहेशी ताडून पाहिली (२००७), तेव्हा खेळातील अनेक दालने गुहेतील मोजणीला धरून असल्याचे दिसून आले.

यानंतर इन्फोकॉम (स्थापना १९७९) यांसारख्या संस्थांनी शब्दमय खेळांना व्यापारी स्वरूप दिले. ब्रायन मोरिआर्टी याच्या ‘ट्रिनिटी’ (१९८६) या खेळात अणुबाँबचा इतिहास हा विषय हाताळलेला आहे. चित्रमय खेळांच्या स्पर्धेत १९९० च्या सुमारास हा व्यवसाय मागे पडला. परंतु हौशी लेखकांनी तो प्रकार जिवंत ठेवला. ग्रॅहॅम नेल्सन याची ‘इन्फॉर्म’ (१९९३) ही रचनाप्रणाली व १९९५ पासून दरवर्षी भरणारी शब्दमय खेळांची स्पर्धा यांचा त्यात मोठा वाटा आहे.

साधने व स्वातंत्र्य : स्वतंत्र निर्मिती शक्य होण्यास तीन कारणे घडली. पहिले, तयार साधनांची उपलब्धता : ‘युनिटी’ (२००५), आज्ञावलीचे ज्ञान नसणाऱ्यांसही वापरता येणारे ‘ट्वाइन’ (२००९), मुक्त स्वरूपाचे ‘गोडो’ (२०१४) इत्यादी. दुसरे, वितरणाचे नवे मार्ग : तबकडी छापून दुकानात पाठविण्याऐवजी ‘स्टीम’ (२००३) व ‘इच’ (२०१३) यांसारख्या संकेतस्थळांवरून खेळ थेट ग्राहकाकडे जाऊ लागला. तिसरे, लोकवर्गणी, अनुदाने व स्पर्धा यांतून मिळणारे अल्प भांडवल. या सोयींमुळे प्रवेश सुलभ झाला. पण त्याच कारणाने खेळांची संख्या इतकी वाढली की, बहुसंख्य खेळ वाचकांवाचून राहणाऱ्या पुस्तकांप्रमाणे दुर्लक्षित राहतात.

मृत्यू हा विषय : यंत्रगृहांतील नाणे टाकून खेळावयाच्या खेळांत खेळणाऱ्यास ठराविक ‘जीव’ दिले जात, ते संपले की पुन्हा नाणे टाकावे लागे. अशा रीतीने मृत्यू हा मालकाच्या उत्पन्नाचा घटक होता. घरगुती खेळांत नाणे गेले, पण जीव मोजण्याची पद्धत राहिली. या पद्धतीला पहिला विचारपूर्वक छेद शब्दमय खेळांनी दिला. ॲडम केडर याच्या ‘फोटोपिया’ (१९९८) या खेळात एका मुलीचा अपघाती मृत्यू खेळणाऱ्याने काहीही केले तरी टळत नाही. निवड करण्याची मुभा आहे असे वाटत असतानाच ती निष्फळ ठरते आणि त्यातूनच शोकाचा अनुभव उत्पन्न होतो.

जेसन रोहरर याचा ‘पॅसेज’ (२००७) हा खेळ केवळ पाच मिनिटांचा आहे. पडद्यावरील अरुंद पट्टीत एक माणूस डावीकडून उजवीकडे जातो, वाटेत जोडीदार मिळतो, दोघांचे केस पिकतात, जोडीदार आधी मरतो व नंतर तोही. जोडीदारासह चालल्यास काही अरुंद वाटा बंद होतात; एकट्याने चालल्यास त्या खुल्या राहतात. एवढ्या एका नियमात सहजीवनाचे मोल व त्याची किंमत दोन्ही व्यक्त झाली आहेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये संग्रहासाठी निवडलेल्या पहिल्या १४ संगणकखेळांत त्याचा समावेश होता.

रायन व एमी ग्रीन या दांपत्याने कर्करोगाने आजारी असलेल्या आपल्या लहान मुलाविषयी ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) हा खेळ तयार केला. निर्मिती चालू असतानाच, २०१४ मध्ये, मुलाचा मृत्यू झाला व खेळाचे स्वरूप बदलले. रुग्णालयात रडणाऱ्या बाळाला शांत करण्याचा एक प्रसंग त्यात असून, तेथे खेळणाऱ्याचा कोणताही उपाय चालत नाही. या खेळाला ब्रिटिश अकादमीचा नवोपक्रमासाठीचा पुरस्कार मिळाला (२०१७). मात्र तो विकत घेण्याऐवजी दुसऱ्याने खेळलेली चित्रफीत पाहणारे पुष्कळ निघाले व कर्त्यांना अपेक्षित उत्पन्न झाले नाही. एकाच मार्गाने जाणाऱ्या कथाप्रधान खेळांची ही आर्थिक दुर्बलता त्यानंतर वारंवार चर्चिली गेली. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (२०१७) या खेळात एका कुटुंबातील क्रमाने झालेले मृत्यू, तर कॅनडातील माँट्रिऑल येथे तयार झालेल्या ‘स्पिरिटफेअरर’ (२०२०) मध्ये मृतात्म्यांना नावेतून पैलतीरी नेणाऱ्या तरुणीची कथा आहे. दुसऱ्या खेळात प्रवाशांना जेवू घालणे, त्यांची खोली बांधणे व अखेर निरोप देणे हीच कामे असून, निरोपानंतर रिकामी राहिलेली खोली नौकेवर तशीच दिसत राहते.

स्थळ व निसर्ग : इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठात संशोधनाचा भाग म्हणून तयार झालेला ‘डिअर एस्थर’ (२००८, व्यापारी आवृत्ती २०१२) हा या प्रवाहातील महत्त्वाचा टप्पा होय. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एका निर्जन बेटावर चालत जाणे व मृत पत्नीला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे ऐकणे, याखेरीज त्यात करण्यासारखे काही नाही. त्यावर ‘हा खेळच नव्हे’ असा आक्षेप घेण्यात आला. त्या वादातून खेळाच्या व्याख्येचीच फेरतपासणी झाली.

स्थळाची कथा कोणी सांगावी, हा प्रश्न ‘नेव्हर अलोन’ (२०१४) या खेळाने पुढे आणला. अलास्कातील कुक इनलेट आदिवासी परिषदेने स्वतः संस्था स्थापून हा खेळ करविला. इन्युपिआट जमातीतील वडीलधाऱ्यांशी विचारविनिमय करून कथानक ठरविण्यात आले व निवेदनही त्यांच्याच भाषेत ठेवण्यात आले. ‘केंटकी रूट झीरो’ (२०१३–२०) हा पाच अंकी खेळ कर्जात बुडालेल्या लोकांचा प्रवास रंगवितो. त्यात मॅमथ गुहेचा व पर्यायाने क्राउदरच्या खेळाचा वारसा जाणीवपूर्वक स्वीकारलेला आहे. ‘आल्बा’ (२०२०) या खेळात भूमध्य समुद्रातील एका बेटावरील अभयारण्याच्या जागी होऊ घातलेल्या हॉटेलविरुद्ध एक लहान मुलगी पक्ष्यांची नोंद करीत सह्या गोळा करते. लुइझियाना राज्यातील तेलशुद्धीकरण केंद्राच्या छायेतील गावावरील ‘नॉर्को’ (२०२२) हा खेळ तर त्या परिसराच्या नोंदी ठेवण्याच्या प्रकल्पातून वाढला. आईच्या मृत्यूनंतर गावी परतलेली तरुणी, दलदल व तेलकारखाना यांचे त्यातील चित्रण पाहता स्थळ, निसर्ग व मृत्यू हे तिन्ही विषय एकत्र आल्याचे दिसते.

भारत, महाराष्ट्र व गोवा : भारतातील संगणकखेळांचा व्यवसाय १९९० नंतरच्या दशकात सुरू झाला. बंगळूरची ध्रुव इंटरॲक्टिव्ह (१९९७) व मुंबईची इंडियागेम्स (१९९९) या आरंभीच्या संस्था होत. भारतातील संस्थांचे बरेचसे काम परदेशी कंपन्यांसाठी चित्रे वा भाग करून देण्याचे असे. पुढे भ्रमणध्वनीवरील करमणुकीचे खेळ वाढले. स्वतःची कथा सांगणारे खेळ २०१५ नंतर प्रामुख्याने दिसू लागले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न होय. राक्षसांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या कसरतपटू मुलीची ही कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकते. चित्रणात राजस्थानी वास्तू व लघुचित्रशैली यांचा उपयोग केला आहे. २०१७ मध्ये या खेळासाठी केलेले लोकवर्गणीचे आवाहन अयशस्वी ठरले. त्यानंतर संस्थेने मिळेल त्या साहाय्यावर काम चालू ठेवले. प्रकाशनानंतर ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणातील उत्कृष्ट स्वतंत्र खेळासाठीच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. हा मुख्यत्वे साहसप्रधान खेळ असला, तरी भारतीय कथावस्तू घेऊन पुण्यासारख्या ठिकाणी अल्प साधनांत असे काम होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले.

गोव्यातील फ्रॉस्टवुड इंटरॲक्टिव्ह या नावाखाली अरमान संधू यांनी तयार केलेले ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) व ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हे खेळ प्रस्तुत प्रकाराच्या अधिक जवळचे आहेत. दुसऱ्या खेळात लिखाण अडलेला एक लेखक विकल्या जाणाऱ्या आपल्या बालपणीच्या घरी अखेरच्या भेटीसाठी जातो. येथे मृत्यू माणसाचा नाही, तर घराचा व त्या घरातील काळाचा आहे. किनाऱ्यावरील घरांची व जमिनींची विक्री हा गोवा व कोकण येथील आजच्या जीवनाचा परिचित भाग असल्याने या कथेला स्थानिक वास्तवाची जोड आहे. दक्षिण गुजरातमधील स्टुडिओ ओलिओमिंगस या संस्थेचे ‘इन द पॉज बिट्वीन द रिंगिंग’ (२०१९) इ. खेळ वसाहतकालीन इतिहास व त्याच्या नोंदींची अविश्वसनीयता यांवर आधारलेले आहेत.

उरण–करंजा परिसर : स्थळ खेळात कसे उतरू शकते, हे समजण्यास रायगड जिल्ह्यातील करंजा परिसराचे उदाहरण उपयुक्त आहे. पूर्वी पनवेल तालुक्यात मोडणाऱ्या उरण पेट्यातील हे कोळी वस्तीचे गाव द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या मुखावर वसले असून समोर रेवस आहे. उरण–करंजाचा भूभाग पूर्वी बेट होता. सालबाईच्या तहाने (१७८२) तो साष्टी व घारापुरी यांच्याबरोबर ब्रिटिशांकडे राहिला. मासेमारी, मिठागरे व भातशेती ही येथील जीवनाची जुनी अंगे. मुंबई हाय क्षेत्रातील तेल व वायू उतरविणारे उरणचे केंद्र, नवी मुंबईसाठी झालेले भूसंपादन व न्हावा-शेवा येथील बंदर (१९८९) यांमुळे ती झपाट्याने बदलली. भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारांत पाच जण मृत्युमुखी पडले आणि त्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. बंदरासाठी शेवा येथील कोळीवाडा उठवावा लागला. पुनर्वसनाच्या जागी बांधलेल्या घरांना वाळवीने ग्रासल्याने तेथील रहिवाशांचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. मुंबईला जोडणारा अटल सेतू व उरणपर्यंतची रेल्वे २०२४ मध्ये खुली झाली.

अशा परिसराचे नुसते चित्र काढल्याने तो खेळात येत नाही; त्याचे नियम खेळाचे नियम व्हावे लागतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, ओहोटीला खाडीतील गाळ उघडा पडतो, पावसाळ्यात सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तिवरे तुटली किंवा पाणथळ जागा भरावाखाली गेली की माशांची पैदास घटते व पक्ष्यांचे थवे दुसरीकडे वळतात. समुद्रावर गेलेला माणूस परत येईलच, याची शाश्वती नसते. वेळ, अंतर, प्राप्ती व हानी ही खेळाची मूलद्रव्ये येथे निसर्गाने व इतिहासाने आधीच ठरवून ठेवली आहेत. उलट, केवळ नौका, डोंगर व देऊळ एवढे घेऊन कोठलाही नियम त्यावर लादल्यास मोक्षपटाची घसरगुंडी होते. ज्यांच्या जमिनी व खाड्या गेल्या, त्यांच्या संमतीचा व सहभागाचा प्रश्नही येथे अलास्काइतकाच महत्त्वाचा ठरतो.

भाषा व लिपी : मराठीत असे खेळ करण्यात दीर्घकाळ एक तांत्रिक अडचण होती. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर उच्चारला, तरी त्याच्या आधी लिहिला जातो. जोडाक्षरांत अक्षरांची रूपे बदलतात. रोमन लिपी गृहीत धरून बांधलेल्या खेळसाधनांत त्यामुळे मजकूर तुटक व अशुद्ध दिसे. युनिकोड संकेत आरंभापासून (१९९१) देवनागरीला स्थान देत असला, तरी अक्षरांची जुळणी करणारी व्यवस्था खेळसाधनांत उशिरा आली. ‘गोडो’ची चौथी आवृत्ती (२०२३) ही या दृष्टीने मोठी सुधारणा होय. बाजारपेठ हे दुसरे कारण असून त्यामुळे भारतीय कर्तेही बहुधा इंग्रजीत लिहितात. ‘राजी’च्या वाढीव आवृत्तीत (२०२२) हिंदी संवाद घालण्यात आले. बोलीभाषांतील कथनाची शक्यता मोठी आहे. आगरी वा कोळी बोलीतील नौका, जाळी, वारे व मासे यांचे शब्द भाषांतरात हरवतात आणि त्यांबरोबर त्या स्थळाचे ज्ञानही हरवते.

कायदा व जतन : भारतात २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली व ई-क्रीडा आणि सामाजिक खेळ यांना वेगळे मानले. ‘खेळ’ म्हणजे जुगार किंवा व्यसन, ही लोकांतील समजूत दूर होण्यास हा भेद साहाय्यभूत ठरू शकतो.

संगणकखेळ स्वतःही अल्पायुषी असतात. यंत्रे व प्रणाली बदलल्या की जुने खेळ चालेनासे होतात. ‘फ्लॅश’ या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला, तेव्हा हौशी कर्त्यांचे असंख्य लहान खेळ एकाच वेळी धोक्यात आले. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी अनुकारी प्रणाली वापरून त्यांपैकी काही वाचविले. मोठ्या कंपन्यांच्या खेळांना पुनःप्रकाशनाची संधी मिळते. एकट्या कर्त्याच्या खेळास ती क्वचितच मिळते. क्राउदरचा खेळ तीस वर्षांनी सापडला, तो विद्यापीठातील जुन्या नोंदी जपल्या गेल्यामुळे, आणि त्याची गुहाही जागेवर होती म्हणून त्याची पडताळणी करता आली. ज्या किनाऱ्यांचे, गावांचे व पाणथळ जागांचे रूप एका पिढीत पालटत आहे, त्यांच्याविषयीच्या खेळांना हा दुसरा आधार मिळेलच असे नाही. म्हणून आज्ञावली, आराखडे, ध्वनिमुद्रणे व स्थलविषयक टिपणे यांचे एकत्रित जतन हे या कलाप्रकारात निर्मितीइतकेच महत्त्वाचे कार्य मानले पाहिजे.